रुपरावांचं न बोलणारं यंत्र

गप्प बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय, हे ओळखण्यात रुपराव ढोमणे यांचा हात धरणारा अख्ख्या नागपूर जिल्ह्यात कोणी नव्हता! हे आम्ही म्हणत नाही, रुपराव स्वतःच म्हणत. एरवी दिवसातून तीनदा म्हणत, आणि लग्नसराई असली की पाचदा.

हुडकेश्वरात, घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं 'ढोमणे वधू-वर सूचक केंद्र' होतं. बावीस वर्षं चालवलेलं. खोलीत एक टेबल, दोन बाकडी, चार जाडजूड रजिस्टरं आणि खिडकीत एक कूलर. आलेल्या माणसाला कूलरसमोर बसवायचं आणि आपली विद्या ऐकवायची, ही त्यांची पद्धत. मे महिन्याच्या नागपुरात कूलरसमोर बसलेला माणूस काहीही ऐकून घेतो.

"पाहा बावा," रुपराव म्हणत, "पोट्टीले विचारलं, मुलगा पसंत आहे का? पोट्टी मान खाली घालून गप्प. म्हणजे का? म्हणजे हाव! आता मुलाच्या घरी पत्र धाडलं. पंधरा दिस झाले, उत्तर नाही. म्हणजे का? म्हणजे नाही! नकार कोणी कागदावर लिहून देत नाही गा. मुलीचं गप्प म्हणजे होकार, मुलाकडचं गप्प म्हणजे नकार. एवढं समजलं का धंदा समजला!"

आणि पुरावा म्हणून ते आतल्या दाराकडे बोट दाखवत.

"आमचंच घ्या नं! हिले पाहायले गेलो. तीन प्रश्न विचारले. एक शब्द बोलली नाही. तिथंच समजलो, आपण पसंत पडलो! तीस वर्षं झाली, बोला!"

रुखमाबाई आत चहा गाळत असत. त्या काही बोलत नसत.

तर अशा या चाललेल्या संसारात एक यंत्र आलं, सन अठ्ठ्याऐंशीच्या फाल्गुनात. आणलं कोणी? साळ्यानं! रुखमाबाईंचा धाकटा भाऊ केशव हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. कंपनीनं नवी यंत्रं घेतली, जुनी काढली, त्यातलं एक केशवनं उचललं आणि सोबत एक प्रिंटर घेऊन तो थेट भाऊजींच्या दारात उतरला.

"भाऊजी, तुमची चारही रजिस्टरं याच्या पोटात जातील! आणि याच्यात युनिक्स आहे, युनिक्स!"

"ते का असते?"

केशवच्या डोळ्यांत पाणी तरळायचंच बाकी राहिलं. भजनी मंडळातला माणूस देवाबद्दल बोलतो, तसा तो यंत्र चालवणाऱ्या त्या प्रणालीबद्दल बोलायला लागला. हे कधी अडकत नाही. हे कधी मरत नाही. एका वेळी दहा माणसांचं काम करते. याच्यात सगळं आपल्या हाती आहे, वाटेल ते बदलता येते!

"मले काही बदलायचं नाही, केशव. मले लग्नं जुळवायची आहेत."

"सुरुवातीले थोडं कठीण जाते, भाऊजी. पण एकदा सराव झाला का मंग सोपं!"

"सराव व्हायले किती दिस लागतात?"

"दोन-तीन वर्षं."

केशवनं सहाशे पानांचं इंग्रजी पुस्तक टेबलावर ठेवलं, शामलाला आठ दिवस शिकवलं आणि तो हैदराबादला परत गेला. शामला म्हणजे रुपरावांची एकुलती एक. बी.एस्सी. झालेली, बावीस वर्षांची. तिनं ते पुस्तक दीड महिन्यात वाचून काढलं आणि चारही रजिस्टरांतले सहाशे मुलगे, पाचशे मुली, त्यांची उंची, गोत्र, शेती, नोकरी, सगळं नंबर घालून यंत्रात भरलं. रुपराव कौतुकानं पाहत. पोरगी किती गप्पपणे काम करते! सासरी नाव काढणार!

त्यांचं स्वतःचं मात्र यंत्राशी जमेना. पासवर्ड लिहायला गेले, तर पडद्यावर अक्षरच उमटेना. त्यांनी कळ जोरात दाबली. तरी नाही! "शाई संपली का याची?" शामला म्हणाली, बाबा, ते मुद्दामच दिसत नाही, कोणी पाहू नये म्हणून. "अवं, पण मी तर पाहू का नको!" एखादी जागा जास्त सुटली की ते यंत्र 'असं काही मला माहीत नाही' असं इंग्रजीत लिही. बंद करायचं तर बटण दाबून चालत नसे. आधी 'सिंक' नावाचा शब्द तीनदा लिहायचा, मग आणखी एक शब्द, मग थांबायचं, मग बटण. रुपरावांनी ते पाठ केलं. हात जोडून करायचे, पण करायचे.

एक मात्र खरं. सेहेचाळीस डिग्रीत हुडकेश्वरातली कुत्री नालीत जाऊन पडली, टेलिफोन बंद पडला, रुपराव स्वतः दोनदा आडवे झाले, पण ते यंत्र काही आडवं झालं नाही!

आता मुद्द्याची गोष्ट. रुपरावांनी शामलेसाठी स्थळ हेरलं होतं. उमरेडचे महादेवराव गिरडकर. घरची चाळीस एकर, आणि मुलगा कोळशाच्या खाणीवर ओव्हरसियर! बाविसाव्या वर्षी केंद्राच्या मालकाच्याच पोरीचं असं लग्न झालं, की बाकीच्या केंद्रांनी पाट्या उतरवायच्या! त्यांनी शामलेला विचारलं, "उमरेडचं स्थळ पाहू का वं?" शामला मान खाली घालून गप्प. झालं! रुपरावांनी महादेवरावांशी बोलणं सुरू केलं.

महादेवराव मोठे मानी. म्हणाले, "येतो रविवारी पाहायले. पण आधी सांगून ठेवतो, ढोमणे. तुमचं केंद्र आहे, तुमच्याजवळ पोट्ट्यांचा ढीग आहे. आमचा पोट्टा रेशनच्या लायनीत उभा राहणाऱ्यातला नाही! दुसऱ्या कोणाले बोलावलं असंल तर आम्ही दारातून परत!"

"राम राम राम! काय बोलता! आमचं यंत्र सहाशेतून एक निवडते, साहेब. ते स्वतः पत्र काढून तुम्हाले धाडंल. पाहाच तुम्ही!"

बोलून तर गेले. आता पत्र यंत्रातूनच निघायला पाहिजे. शामलानं पत्राचा मसुदा आधीच यंत्रात घालून ठेवलेला होता. मुलीचं नाव, वार आणि वेळ तेवढी बदलायची. ती तिनं त्यांच्या सांगण्यावरून बदलली. इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर: येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आमची कन्या चि. सौ. कां. शामला हिला पाहण्यास यावे. महादेवरावांसाठी रुपरावांनी खास एक ओळ घालायला लावली: 'आपणाशिवाय अन्य कोणासही बोलावलेले नाही.' आता 'पत्र' असं लिहायचं, पुढे मुलाचा नंबर टाकायचा, की पत्र त्या नंबरच्या पत्त्यावर तयार!

"सरक," रुपराव शामलेला म्हणाले. "तुझ्याच लग्नाचं पत्र तुझ्या हातानं? बरं दिसत नाही. मी करतो."

"बाबा, एक सांगू का जी, ते यंत्र..."

"गप! आत जाऊन आईले मदत कर."

शामला आत गेली. रुपरावांनी चष्मा पुसला, उमरेडचा नंबर एकशे बारा, 'पत्र ११२' असं एकेक बोटानं लिहिलं आणि शेवटची कळ दाबली.

काही नाही!

यंत्र 'हो' म्हणेना, 'नाही' म्हणेना. खालच्या ओळीत एक डॉलरचं चिन्ह आलं आणि त्याच्यापुढे एक चौकोन लुकलुकत बसला. प्रिंटर मेल्यासारखा. रुपराव पाच मिनिटं थांबले. मग दहा. कपाळावर घाम आला. कूलर अंगावर वारा टाकत होता तरी आला.

उत्तर नाही म्हणजे का? म्हणजे नाही!

बावीस वर्षांची विद्या होती ती, तिनं दगा कसा द्यायचा? यंत्रानं उमरेड नाकारलं होतं! त्याच्या पोटात सहाशे मुलांचा इतिहास आहे, त्याला काय दिसलं असेल? गोत्र? उंची? का खाणीवर काही भानगड? रुपरावांच्या तोंडचं पाणी पळालं. नुसतं पाहावं, यंत्राच्या मनात दुसरा कोण आहे, म्हणून त्यांनी काटोलचा नंबर टाकला. गप्प! भिवापूरचा टाकला. गप्प! कुही, मौदा, रामटेक, सावनेर, कळमेश्वर. लुकलुकणारा चौकोन, आणि गप्प! शेवटी तर हातातलं रजिस्टर उघडून दिसेल तो नंबर टाकत सुटले. एकतीस मुलं झाली, एकतीसही यंत्रानं नाकारली!

"शंभर टक्के बिघडलेलं आहे," रुपरावांनी निकाल दिला. "याले जगात कोणीच पसंत नाही!" आणि त्यांनी टाक-दौतीच्या जमान्यातल्या वळणदार अक्षरात महादेवरावांना हातानं पत्र लिहून, स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

खरी गंमत अशी होती, की प्रिंटर काही मेला नव्हता. त्याला वीजच नव्हती! खोलीत भिंतीला सॉकेट दोनच, एक यंत्राचं, आणि मे महिन्यात दुसरं कूलरचं. प्रिंटरची वायर खाली लोंबत होती, रुपरावांच्या पायाशी.

दुसऱ्या दिवशी रुपराव कुहीला एका लग्नाला गेले. शामलाला स्वतःचा एक कागद छापायचा होता. तिनं कूलर बंद केला, पिन काढली, प्रिंटरची लावली. आणि प्रिंटर सुरू झाला! करकर, करकर, करकर! काल सांगितलेलं एकही काम ते यंत्र विसरलं नव्हतं. सगळी पत्रं त्यानं ओळीनं लावून ठेवली होती, फक्त विजेची वाट पाहत होतं. एक पत्र निघालं, दुसरं निघालं, दहा निघाली. शामला पाहत राहिली. शेवटी तिचा कागदही निघाला. बाबांनी गप राहायला सांगितलंच होतं; तिनं गठ्ठा टेबलावर नीट ठेवला.

तयार पत्रं टेबलावर दिसली की घडी घालायची, पाकिटात टाकायची, पत्ते चिकटवायचे आणि पोस्टात नेऊन टाकायची, हे बावीस वर्षं रुखमाबाईंचं काम. इंग्रजी अक्षर त्यांना वाचता येत नसे, आणि कोणाला काय लिहिलं हे विचारायची त्या घरात रीत नव्हती. त्यांनी घड्या घातल्या. संध्याकाळच्या डाकेत एकतीस पाकिटं गेली, आणि शामलाचं एक.

रविवार उजाडला. नऊला पाच कमी असताना उमरेडची जीप आली. महादेवराव फेटा बांधून, त्यांच्या मंडळी, मुलगा जयवंता आणि एक भाऊजी. रुपरावांनी सगळ्यांना कूलरसमोर बसवलं.

"एक पत्र हाताचं, एक पत्र यंत्राचं, दोन-दोन पत्रं आली हो!" महादेवराव खूश होते.

"यंत्राचं?" रुपरावांचा चेहरा जरा चमकला. म्हणजे यंत्र नंतर मानलं! पण विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण दारात काटोलची पाच माणसं उभी होती. मुलगा, आई, बाप, मावशी आणि मुलाची बहीण यमू.

"या... या!" रुपराव म्हणाले. त्यांना वाटलं, रविवारी केंद्र बंद असतं हे या लोकांना ठाऊक नसावं.

"हे कोण?" महादेवरावांनी विचारलं.

"हे? हे... आमचे चुलत."

पाठोपाठ भिवापूरचे आले. "हे?" "मावसभाऊ." मग मौद्याचे. "आणि हे?" "हे... मावशीकडले चुलत." सावनेरचे टेम्पो करून आले, चौदा माणसं. बाकडी संपली. शेजारच्या सिंधूताईंकडून खाटा आणल्या. रामटेकचे ओसरीवर बसले, कळमेश्वरचे नीमाच्या झाडाखाली. आत रुखमाबाई पोह्यांचं दुसरं पातेलं चढवत होत्या, मग तिसरं.

"ढोमणे," महादेवराव म्हणाले, "तुमचं खानदान लय मोठं दिसते!"

"हाव नं, साहेब! आमचा बाप सात भावांतला!"

आणि एवढ्यात त्या खानदानातले भिवापूरचे बळीरामजी ओसरीवरून मोठ्यानं म्हणाले, "रुपरावजी, मुलगी कवा दाखवता? आमची साडेअकराची एस.टी. आहे!"

महादेवराव सावकाश उठले.

"चुलत, का मावस?"

"मावस," रुपराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

"मावसभाऊ मुलगी पाहायले आले?"

"म्हणजे काय!" बळीरामजी तापले. त्यांनी कोटाच्या खिशातून पत्र काढलं. "हे पाहा! आपणाशिवाय अन्य कोणासही बोलावलेले नाही!" काटोलकरांनी आपलं काढलं. सावनेरकरांनी आपलं. ओसरीवर, खाटांवर, नीमाखाली, जिकडे तिकडे तीच पत्रं, आणि प्रत्येक पत्रात तीच ओळ! एकतीसपैकी तेवीस घरची मंडळी आली होती. उरलेली आठ आली नव्हती, एवढंच नशीब.

"एका पोरीले तेवीस?" महादेवराव गरजले. "फसवणूक आहे ही!"

बावीस वर्षांचं नाव डोळ्यांदेखत नालीत चाललेलं रुपरावांना दिसलं. त्यांनी शेवटचा पत्ता टाकला.

"थांबा! थांबा साहेब! बाकीचे चुकून आले, पण मुलीचं मन तर एकच आहे नं! शामले! बाहेर ये वं!"

शामला पोह्यांचा ट्रे घेऊन दारात आली. समोर तेवीस मुलगे, त्यांचे तेवीस बाप, आणि सगळ्यांच्या आया.

"सांग बेटा, सगळ्यांसमोर सांग. उमरेडचे पाहुणे तुले पसंत आहेत नं?"

शामलानं मान खाली घातली. ती गप्प.

"पाहा!" रुपरावांचा आवाज चढला. "गप्प आहे! मुलीचं गप्प म्हणजे हाव! आमची बावीस वर्षांची..."

"अशी कशी हाव?" काटोलची मावशी उठली. "ती आमच्याकडे पाहूनही गप्पच आहे!"

"मंग आमच्याकडे पाहून का गाणं म्हणून राहिली?" सावनेरवाले ओरडले. "आम्हालेही हावच आहे!"

नीमाखालून कळमेश्वरनंही आपला हक्क सांगितला. हिशेबानं पाहिलं तर मुलीनं तेवीस जणांना एकाच वेळी होकार दिला होता! एवढी गर्दी एका होकारावर त्या घरानं कधी पाहिली नव्हती. शामलानं ट्रे टेबलावर, त्या यंत्राशेजारी ठेवला.

"मले कोणाशीच लग्न नाही करायचं," ती म्हणाली. "एवढ्यात तर नाहीच."

रुपरावांना खाली बसावंसं वाटलं, पण खाटच मोकळी नव्हती.

"मंग... मंग आतापर्यंत गप्प काहून होती?"

"तुम्हीच तर म्हणाले, बाबा. बोलले का म्हणता, गप! केशवमामाच्या कंपनीत जागा निघाली आहे. मी अर्ज धाडला. याच पत्रांसंगं गेला तो."

महादेवराव तरातरा निघालेच होते. पण जीपपाशी जयवंता नव्हता. तो ओसरीच्या कडेला काटोलच्या यमूशी बोलत उभा होता. म्हणजे यमू बोलत होती. खाणीत तुम्ही स्वतः खाली उतरता का वरूनच बॅटरी मारता, असं तिनं त्याला तोंडावर विचारलं होतं, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा दात दाखवून हसत होता. महादेवरावांनी थोडा वेळ पाहिलं. मग काटोलच्या बापाला विचारलं, "शेती किती आहे तुमची?" एक वाजेपर्यंत ते दोघे नीमाखाली मांडीला मांडी लावून बसले. मुलगी पाहायला येताना घरोघरच्यांनी लग्नाच्या बहिणी सोबत आणल्याच होत्या. चार वाजेपर्यंत त्या अंगणात तीन लग्नं ठरली, आणि त्या तिन्हींत रुपरावांना कोणी एक शब्द विचारला नाही. पोहे मात्र सगळ्यांनी दोनदा घेतले.

पाहुणे पांगल्यावर रुपराव यंत्रासमोर येऊन बसले. शामला बाजूला उभी होती.

"मी सांगितलं तवा हे काहून बोललं नाही?"

"काम झालं का ते बोलतच नाही, बाबा. ऐकलं, समजलं, करतो, असं काही म्हणत नाही. चूक झाली तरच बोलते. तेच सांगत होती मी त्या दिवशी."

"म्हणजे ते गप्प होतं, तवा..."

"हाव म्हणत होतं. एकतीस वेळा."

"आणि तू गप्प होती, तवा..."

"नाही म्हणत होती."

रुपरावांनी चष्मा काढला. बावीस वर्षांची विद्या, आणि एकाच घरात दोन्ही बाजूंनी उलटी निघाली! त्यांना शामलेचं वाईट वाटलं, स्वतःचं तर फारच वाटलं. यंत्राचा त्यांना राग येईना. त्यानं सांगितलेलं सगळं इमानदारीनं केलं होतं, आणि इतक्या गरमीत! मग त्यांनी एक पुठ्ठा घेतला, टाक घेतला आणि केंद्राच्या पाटीखाली लावायला ठळक अक्षरात लिहिलं: 'मुलाने, मुलीने, पालकांनी व यंत्राने काय ते तोंडाने सांगावे. गप्प बसण्याचा अर्थ येथे काढला जात नाही.'

"हैदराबादचं उत्तर आलं म्हणजे सांग," ते शामलेला म्हणाले. "मी येईन पोचवायले."

शामलानं तोंडानं सांगितलं, "हाव बाबा."

पुठ्ठा टांगून झाला. मागच्या अंगणात रुखमाबाई मोरीपाशी बसल्या होत्या. समोर बशांचा डोंगर. रुपराव दारात जाऊन उभे राहिले. काहीतरी विचारायचं होतं, पण धीर होईना. शेवटी घसा खाकरून म्हणाले,

"एक विचारू का वं? तीस वर्षांआधी... तुमच्या घरी पाहायले आलो होतो... तवा तू काही बोलली नव्हती. मी तुले पसंत होतो नं?"

रुखमाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग पुढची बशी उचलली. अजून शंभरेक घासायच्या होत्या.